कादंबऱ्यांमुळे मुलं अभ्यासातून उठतात का?

‘गोष्टीची पुस्तकं वाचून पोरं वाया जातात’ हा घरोघरी ऐकू येणारा समज चुकीचा आहे. २००९ च्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय शालेय चाचणीत अनेक देशांतल्या १५ वर्षांच्या मुलांची वाचनक्षमता तपासली गेली. आवडीने कथा-कादंबऱ्या वाचणारी मुलं त्यात सरासरीने पुढेच होती. (ती वाचनामुळेच पुढे गेली, असं मात्र त्यावरून सिद्ध होत नाही.)

खरं नुकसान होतं झोपेचं. या वयात रोज ८ ते १० तास झोप हवी. रहस्यकथेचं प्रकरण मुद्दाम ऐन उत्कंठेवर तोडलेलं असतं, म्हणून ‘एवढं प्रकरण संपव आणि झोप’ हा नियम हमखास फसतो. त्याऐवजी पुढच्या प्रकरणाची दोन-तीन पानं वाचून, पेच जरा सैल झाला की खूण घालायला सांगा. रात्री मोबाइलपेक्षा छापील पुस्तक बरं.

पुस्तक हिसकावू नका. मग ते पांघरुणाखाली वाचलं जातं. उलट पहिली ५० पानं तुम्हीही वाचा, म्हणजे बोलायला विषय मिळेल. जेवण, मित्र, शाळा सगळंच दोन आठवडे सुटलं असेल, तर दोष पुस्तकाला देऊन थांबू नका, समुपदेशकाला भेटा.