इंटर्नशिप की अप्रेंटिसशिप? घरातल्या पहिल्या पदवीधराने कुठे सही करावी

फेब्रुवारी उजाडला की आमच्या गोव्यातल्या कॉलेजातली टी.वाय.ची, म्हणजे पदवीच्या तिसऱ्या वर्षाची मुलं माझ्या टेबलापाशी यायला लागतात. "मॅडम, वेर्ण्याला ट्रेनिंग मिळालंय." कसलं ट्रेनिंग, असं विचारलं की बरेच जण मोबाइलमधलं पत्र पुढे करतात आणि मीच काय ते सांगावं म्हणून थांबतात. पत्र इंटर्नशिपचं की अप्रेंटिसशिपचं, हे त्यांना ठाऊक नसतं आणि घरीही विचारायला कोणी नसतं. सत्तरी-डिचोलीकडच्या कितीतरी मुलांचे वडील खाणीच्या ट्रकवर होते. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणींच्या ८८ लीज रद्द केल्यानंतर ते मिळेल ते काम करताहेत. कॉलेजचं तोंड पाहिलेलं घरातलं हे पहिलंच पोर. त्याच्या हातात 'ट्रेनिंग'चं इंग्रजी पत्र पडलं की सगळं घर खूश होतं, पण ते पत्र वाचत कोणीच नाही.

दोन्हींत काम शिकायला मिळतं आणि दोन्हींत कायमची नोकरी नसते. साम्य एवढंच.

इंटर्नशिप ही शिक्षण चालू असतानाची गोष्ट. नव्या शैक्षणिक धोरणाने तिला क्रेडिट, म्हणजे पदवीत मोजले जाणारे श्रेयांक दिले. यूजीसीच्या हिशेबाने तीस तासांना एक क्रेडिट, म्हणजे चार क्रेडिट हवे तर १२० तास, रोज आठ तास धरले तर पंधरा दिवस. शेवटी कंपनी आपल्या लेटरहेडवर प्रमाणपत्र देते आणि ते कॉलेजात जमा होतं. पैसे दिलेच पाहिजेत अशी सक्ती नाही. काम करताना बोट कापलं तर खर्च कोणाचा, हे आधी लिहून घेतलं नसेल तर वादच.

अप्रेंटिसशिप, म्हणजे सरकारी मराठीतली शिकाऊ उमेदवारी, कायद्याची लेक आहे. कायदा १९६१ चा. सुरुवातीला तो कारखान्यातल्या फिटरसारख्या ट्रेडपुरता होता. १९७३ मध्ये इंजिनिअरिंगचे पदवीधर आणि डिप्लोमाधारक त्यात आले आणि २०१४ च्या दुरुस्तीने बी.ए., बी.कॉम.वाल्यांनाही दार उघडलं. अजूनही अर्ध्या पालकांना वाटतं की अप्रेंटिस म्हणजे आयटीआयचा फिटर. बी.कॉम. झालेली मुलगी कंपनीच्या अकाउंट्स विभागात अप्रेंटिस राहू शकते, हे सांगितलं की "आमची पोर काय मशीनवर बसणार?" असा प्रश्न येतोच.

इथे कंपनी आणि उमेदवार यांच्यात करार होतो आणि तो सरकारी पोर्टलवर नोंदवला जातो. पदवीधरांसाठीचं पोर्टल नॅट्स, म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय शिकाऊ प्रशिक्षण योजनेचं. मुदत साधारण वर्षाची. स्टायपेंड किती, हे कंपनीच्या मर्जीवर नसतं. २०१९ च्या नियमांनी पदवीधराला महिना किमान ९००० रुपये ठरवले आणि नॅट्सखाली त्यातले ४५०० पर्यंत केंद्र सरकार उचलतं. ही रक्कम वाढवायची शिफारस २०२५ मध्ये झाली आहे, तेव्हा सही करण्याआधी पोर्टलवरचा ताजा आकडा बघून घ्या. आठवड्याचे तास कंपनी ठरवते, पण सरकारने नेमलेल्या शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या मंजुरीशिवाय ओव्हरटाइम लावता येत नाही. कंपनी जे सण पाळते त्या सुट्ट्या अप्रेंटिसलाही असतात. चवथीची सुट्टी इतरांना आणि शिकाऊ पोर मात्र कामावर, असं चालत नाही. काम करताना इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची.

पण कायद्याच्या लेखी अप्रेंटिस हा कामगार नव्हे, शिकाऊ. म्हणून पीएफ नाही, ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) नाही. "पीएफ कापतात का?" हा वडिलांचा पहिला प्रश्न असतो आणि त्यावर माझं "नाही" ऐकून चेहरे पडतात. ते चुकीचं काही विचारत नसतात. पीएफ म्हणजे खरी नोकरी, हीच त्यांची कसोटी आणि ती चांगली कसोटी आहे. फक्त इथे ती लागू पडत नाही.

आता माझं मत. इंटर्नशिप ओळखीवर चालते. एकाच वर्गातली दोन मुलं घ्या. पणजीच्या वकिलाची मुलगी बाबांच्या मित्राच्या सीए ऑफिसात बसते. तिला फायली हाताळायला मिळतात, जीएसटीचं रिटर्न भरताना बघायला मिळतं आणि शेवटी कोणीतरी "पुढच्या वर्षी ये" म्हणतं. सत्तरीतल्या वाळपईच्या मुलाला मिळतं किनाऱ्यावरचं हॉटेल, तेही ऐन सीझनमध्ये. सकाळी बुफेच्या प्लेटी उचलायच्या, दुपारी हॉल लावायचा, जेवण हॉटेलचं, हातात शून्य. पणजीला बस बदलून तिथे पोहोचायचं, त्यामुळे तिकिटाचे पैसे घरचेच. प्रमाणपत्रावर दोघांचेही १२० तास. हॉटेलला दोष देण्यात अर्थ नाही, सीझनमध्ये त्यांना माणसं हवी असतात. पण हे शिक्षण आहे असं त्या मुलाला तोंडावर सांगायला माझी जीभ रेटत नाही.

अप्रेंटिसशिप कागदावर चालते. तीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे. म्हणजे वेर्णा, कुंडई, पिसुर्ले इथल्या बऱ्याच कारखान्यांना मुलं हवीच असतात, मग त्यांचा काका तिथे असो वा नसो. ज्याला कोणाचा फोन जाणार नाही, त्याच्या बाजूने निदान कायदा तरी उभा राहतो. म्हणून अशा मुलांना मी सांगते की इंटर्नशिप क्रेडिटपुरती करा, शक्य तितकी घराजवळ, तालुक्यातल्या पतसंस्थेत किंवा पंचायतीतसुद्धा चालेल. खरा जोर अप्रेंटिसशिपवर ठेवा.

मात्र हे दार एकदाच उघडतं. एकदा अप्रेंटिसशिप केली की त्याच पात्रतेवर पुन्हा नाही. पदवीनंतर वर्षभर किंवा जास्त नोकरीचा अनुभव असेल तरीही नाही. घोटाळा होतो तो इथे. निकाल लागला की म्हापशाच्या एखाद्या शोरूममध्ये मुलगा चिकटतो, "तात्पुरतं" म्हणून. दीड वर्षाने काहीतरी बरं बघूया असं वाटतं आणि तो माझ्याकडे येतो. तोवर पात्रता गेलेली असते. अनुभव लपवून अर्ज करायचा सल्ला मी देत नाही, जरी बाहेर तो फुकट मिळत असला तरी.

दुसरा घोटाळा कागदांचा. केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो, त्यामुळे खातं आधारला जोडलेलं लागतं. आता एक 'गावकर' घ्या. बारावीच्या मार्कशीटवर इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'ओ', आधारवर त्याच जागी 'यू', आणि बँकेत वडिलांचं नाव मध्ये घातलेलं. तिन्ही ठिकाणी माणूस एकच, पण पोर्टलला ते पटत नाही. खातं कधीतरी शाळेच्या स्कॉलरशिपसाठी काढलेलं असतं आणि वापर नसल्याने बंद पडलेलं असतं. हे सगळं जानेवारीतच करून घ्यावं, कारण निकालानंतर आधार केंद्रावरच्या रांगेत हातचा महिना जातो. ज्या घरात कोणीतरी नोकरदार आहे तिथे ही कामं आपोआप झालेली असतात. आमच्या मुलांच्या बाबतीत ती करणं हाच माझ्या कामाचा मोठा भाग आहे. बायोडाटा वगैरे नंतर.

तिसरी चूक पालकांची आणि ती खास गोव्यातली. सरकारी खात्यांतही अप्रेंटिस घेतात. पोरगा पणजीत एखाद्या खात्यात वर्षभर अप्रेंटिस म्हणून गेला की गावात बातमी होते, "लागला!" घरचे नवस फेडून मोकळे. वर्ष संपतं, तो घरी येतो आणि आई विचारते, "काढलं का रे तुला?" कोणी काढलेलं नसतं, करार संपलेला असतो. शिकाऊ उमेदवाराला नोकरी द्यायची सक्ती कायद्याने मालकावर नाही, सरकारवरही नाही. भरतीचं धोरण मालकाने स्वतः ठरवायचं असतं. क गटाच्या सरकारी जागेसाठी गोवा कर्मचारी निवड आयोगाची परीक्षा द्यावीच लागते. हे मी आता मुलाला एकट्याला सांगत नाही, आई-बाबांना बोलावून समोर बसवून सांगते.

या दोघींत भर म्हणून २०२४ मध्ये पंतप्रधान इंटर्नशिप योजना आली. नाव इंटर्नशिप, पण सुरुवातीला मुदत होती बारा महिने, महिना ५००० रुपये आणि रुजू होताना एकदाच ६०००. पहिल्या टप्प्यात वयाची अट २१ ते २४ होती आणि पूर्णवेळ शिकणाऱ्यांना ती बंद होती. म्हणजे कॉलेजच्या क्रेडिटशी तिचा संबंध नाही. घरात कोणी कायम सरकारी नोकरीत असेल तर अपात्र, अशीही अट होती. बाबा पीडब्ल्यूडीत शिपाई असले तरी मुलगा बाद. नॅट्स करून झालेल्यालाही तिथे जागा नव्हती.

हातातलं पत्र कोणतं, हे ओळखायला फार हुशारी लागत नाही. करार आहे का आणि त्यावर पोर्टलचा नोंदणी क्रमांक आहे का, हे बघा. असेल तर अप्रेंटिसशिप. क्रमांक "मागाहून येईल" असं सांगत असतील तर तो येईपर्यंत कामाला जाऊ नका. कॉलेजने दिलेलं शिफारसपत्र आणि तासांचा तक्ता असेल तर इंटर्नशिप. दोन्ही नसताना कोणी सहा महिने "ट्रेनी" म्हणून बोलावत असेल, तर पत्र घेऊन आधी माझ्याकडे या. आणि साधं नेमणूकपत्रच हाती असेल, पगार ठरलेला आणि पीएफ कापणारा, तर वडिलांचं ऐका आणि रुजू व्हा.