पहिला वार कोणाचा? फाशांचं गणित आणि घरचे नियम

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या, टेबलाभोवती बसून एकेक पात्र रंगवत खेळायच्या खेळात लढाई जुंपली की प्रत्येक खेळाडू वीस बाजूंचा फासा टाकतो, त्यात आपल्या पात्राच्या चपळाईचा बोनस मिळवतो, आणि मोठ्या बेरजेकडून लहान बेरजेकडे पाळ्या लागतात. हा क्रम, म्हणजे इनिशिएटिव्ह, लढाई संपेपर्यंत तसाच राहतो. 2000 साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून साधारण हाच नियम चालत आलाय. 1989च्या दुसऱ्या आवृत्तीत दहा बाजूंचा फासा दर फेरीला नव्याने टाकत आणि कमी आकडेवाला आधी खेळे. पण छापील नियम जसाच्या तसा खेळणारी टेबलं कमीच. बहुतेक ठिकाणी त्याला घरची फोडणी दिलेली असते.

सर्वांत जुनी कुरकुर अशी, की चपळ चोर मागे राहतो आणि चिलखतातला धिप्पाड योद्धा पुढे सुटतो. हिशेब करून पाहू. चोराचा बोनस 5, योद्ध्याचा शून्य. दोघांच्या फाशांच्या 400 जोड्या होतात. त्यांतल्या 280 जोड्यांत चोर पुढे, 15 जोड्यांत बरोबरी, 105 जोड्यांत योद्धा पुढे. बरोबरी चोराला दिली तरी तो 74 टक्के वेळाच आधी खेळतो. कारण वीस बाजूंच्या फाशावर 1 आणि 20 यांची शक्यता 10 किंवा 11 इतकीच, म्हणजे 5 टक्के. आकड्यांचं प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीपासून आकडे साधारण किती दूर पडतात ते माप, जवळपास 5.8 आहे, त्यापुढे 5चा बोनस कितीसा पुरणार?

म्हणून काही जण फासेच बदलतात. दहा बाजूंचे दोन फासे टाकले की मधले आकडे जास्त वेळा पडतात आणि चोर 82 टक्के वेळा पुढे जातो. सहा बाजूंचे तीन टाकले तर 90 टक्के. ऐकायला छान वाटतं, पण तीन फाशांत एक खोट आहे. 2014च्या नियमांतलं ‘अलर्ट’ हे कौशल्य इनिशिएटिव्हला आणखी 5 देतं. ते चोराने घेतलं की बोनस 10 होतो, आणि मग योद्धा त्याच्या आधी खेळण्याची वेळ दोनशे लढायांत एखादीच. वीस बाजूंच्या फाशावर ती 11 टक्के तरी असते. चपळाई या खेळात आधीच लाडावलेली आहे: धनुष्य, लपणं, वार चुकवणं, सगळं तिच्याच जोरावर. तिला आणखी डोक्यावर बसवायची गरज नाही. फासे बदलायचेच असतील तर दहा बाजूंचे दोन पुरेत.

दुसरी तक्रार वेळेची. पाच खेळाडू, तीन राक्षस, पाळीला दोन मिनिटं, म्हणजे आपली पाळी फिरून यायला सोळा मिनिटं. यावर जुना तोडगा म्हणजे बाजूवार पाळी: याच खेळाच्या 1981च्या ‘बेसिक’ संचाप्रमाणे दोन्ही बाजूंनी सहा बाजूंचा एकेक फासा टाकायचा आणि जिंकलेली बाजू सगळीच्या सगळी आधी खेळवायची. वेळ खरंच वाचतो, पण पहिल्या वाराचं वजन भलतंच वाढतं. समजा चार विरुद्ध चार आहेत, प्रत्येकाचा वार 60 टक्के वेळा लागतो आणि दोन वारांत गडी आडवा होतो. पहिल्या बाजूने नेम वाटून न घेता एकावरच धरला, तर समोरच्यांनी शस्त्र उचलण्याआधीच त्यांचा निदान एक जण पडण्याची शक्यता 82 टक्के. पडलेला गडी पुढच्या प्रत्येक फेरीतही मारत नाही, त्यामुळे आघाडी वाढतच जाते. संख्याबळाचा असा वर्गाच्या पटीत होणारा परिणाम इंग्रज अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर याने पहिल्या महायुद्धाच्या काळात गणितात मांडला होता.

फासा दर फेरीला टाकलात तर आणखी वाईट. या फेरीत मागे असलेली बाजू पुढच्या फेरीत जिंकली की तिच्या दोन पाळ्या लागोपाठ येतात. कोणत्या ना कोणत्या बाजूला हा लाभ दर दोन फेऱ्यांच्या सांध्यावर निम्म्या वेळा मिळतो. वरच्याच उदाहरणात आठ वार सलग पडले तर चारांपैकी दोघे आडवे होण्याची शक्यता 83 टक्के.

मधला मार्ग सोपा आहे. शत्रूंसाठी फासाच टाकायचा नाही. त्यांचा आकडा 10 अधिक चपळाईचा बोनस, समजा 12. खेळाडू आपापला फासा टाकतात. 12 किंवा जास्त आलेले पहिल्या फेरीत शत्रूच्या आधी खेळतात, मग सगळे शत्रू, मग सगळे खेळाडू, आणि पुढे असंच आळीपाळीने. बोनस शून्य असलेला 45 टक्के वेळा आधी खेळतो, 5 असलेला 70 टक्के. म्हणजे चपळाईला किंमत राहते, पण पहिला हल्ला चारही जणांचा एकदम होत नाही.

तिसरा प्रकार पाळी सोपवण्याचा: खेळून झालं की पुढचा गडी आपणच निवडायचा, आणि फेरीत शेवटी खेळणारा पुढच्या फेरीचा पहिला ठरवतो, हवं तर स्वतःलाच. नवखे खेळाडू आधी आपल्याच माणसांना पाळ्या वाटून टाकतात. मग शेवटी उरतात फक्त राक्षस, तेच पुढची फेरीही उघडतात आणि सलग दोनदा मारतात. एकदा असा मार बसला की शत्रूंना मध्ये मध्ये पाळी देण्यातला शहाणपणा टेबलाला आपोआप कळतो.

या प्रकारात, आणि दर फेरीला फासा टाकण्यातही, लक्षात न येणारी गोची मंत्रांच्या मुदतीची. ‘शील्ड’ मंत्राने बचाव 5ने वाढतो, तो मंत्र टाकणाऱ्याची पुढची पाळी सुरू होईपर्यंत. मांत्रिक या फेरीत पहिला आणि पुढच्या फेरीत शेवटचा खेळला तर ढाल जवळपास दोन फेऱ्या टिकते. शेवटचा आणि मग लगेच पहिला खेळला तर टाकल्या टाकल्या गळते. क्रम फिरता ठेवायचा असेल तर मुदतही बदला: ‘पुढच्या पाळीपर्यंत’ असेल तिथे ‘पुढच्या फेरीतल्या त्याच जागेपर्यंत’ धरा. त्यासाठी फेरीतल्या जागांना 1 ते 8 असे क्रमांक लिहून मंत्राचा खडा त्या क्रमांकावर ठेवला की झालं. तिथवर खेळ आला की खडा उचलायचा, मग पाळी कोणाचीही असो.