सामुदायिक मत्स्यालय : माशांची सुसंगत निवड

गोड्या पाण्याच्या एकाच टाकीत दोन किंवा अधिक जातींचे शोभिवंत मासे कायमचे एकत्र पाळण्याची पद्धत. प्रजननाची टाकी, एकाच जातीची टाकी आणि खाऱ्या पाण्याची टाकी यांहून ती वेगळी धरतात. कोणते मासे एकत्र नांदतील हे पाणी, तापमान, तोंडाचा आकार आणि स्वभाव यांवर ठरते; येथे ते गोव्यातील घरगुती टाकीच्या संदर्भात पाहिले आहे. दुकानात हा क्रम बहुधा उलटा असतो : मासा भांडखोर आहे का, हे आधी विचारले जाते आणि घरचे पाणी कोणते, हे क्वचितच.

उगम : या पद्धतीचा आरंभ कोठून धरावा याबद्दल एकमत नाही. फ्रेंच जीवशास्त्रज्ञ झान व्हिलप्रो-पॉवर यांनी सिसिलीत १८३२ च्या सुमारास सागरी जीवांच्या अभ्यासासाठी काचेच्या पेट्या वापरल्या, म्हणून काही अभ्यासक श्रेय त्यांना देतात. मात्र त्यांचा हेतू मुख्यतः निरीक्षणाचा होता. लंडनचे रसायनज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती एकत्र ठेवली होती. पाने कुजून पाणी बिघडू लागले तेव्हा त्यांनी गोगलगायी सोडल्या आणि पाणी निवळले. एकाची घाण दुसऱ्याचे अन्न व्हावे, ही कल्पना येथे स्पष्ट दिसते. त्यामुळे वॉरिंग्टन यांच्या पेटीत मासा एकाच जातीचा असला तरी आरंभ तेथून धरणे अधिक सयुक्तिक वाटते. त्यांनी तोल वनस्पती आणि प्राणी यांच्यात मानला. प्रत्यक्षात माशांच्या घाणीतून येणाऱ्या अमोनियाची विल्हेवाट मोठ्या प्रमाणात वाळूतले आणि गाळणीतले जिवाणू लावतात, हे पुढे कळले. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातले सार्वजनिक मत्स्यघर १८५३ चे. भारतीय पूर्वपीठिका म्हणून ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथातील (बहुधा ११३० च्या सुमारास) मत्स्यविनोद या प्रकरणाकडे बोट दाखवण्याचा मोह होतो, परंतु त्याचा विषय गळाची शिकार आणि माशांना घालायचे आमिष हा आहे.

पाणी : गोव्यातील नळाचे बरेचसे पाणी सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्यांचे असते, खांडेपार नदीवरील ओपा जलप्रकल्प आणि साळावली धरण हे त्याचे मोठे स्रोत. जांभ्याच्या प्रदेशात चुनखडी नसल्यात जमा, म्हणून हे पाणी सुफेन असते, म्हणजे त्यात कॅल्शियम आणि कार्बोनेट कमी. जांभ्यात खणलेल्या विहिरीचे पाणी आणखी आम्लधर्मी असून त्याचा पीएच ६ च्या आसपासही आढळतो. किनाऱ्यालगतच्या विहिरीत खार शिरला असेल तर गोष्ट उलट होते. म्हणून मासे घेण्याआधी पीएच आणि कार्बोनेट काठिण्य थेंबांच्या संचाने मोजावे. चाचणीच्या कागदी पट्ट्या कमी काठिण्याला भरवशाच्या नसतात.

या सुफेन पाण्यातच गोव्यातील टाक्यांचा एक नेहमीचा घोटाळा घडतो. जिवाणू एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचे नायट्रेट करतात तेव्हा सुमारे ७ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी क्षारता, म्हणजे आम्लाला आवरण्याची पाण्याची क्षमता, खर्ची पडते. जर्मन मापाने कार्बोनेट काठिण्य १ ते २ अंश असले, म्हणजे लिटरमागे १८ ते ३६ मिलिग्रॅम, तर गर्दीच्या टाकीत ही शिल्लक काही आठवड्यांत संपते. पीएच ६ च्या खाली घसरतो, जिवाणू मंदावतात आणि अमोनिया साचतो. मात्र आम्लधर्मी पाण्यात तो जवळजवळ सगळा अमोनियम या सौम्य रूपात असल्याने मासे तग धरतात. मग कोणीतरी टाकी साफ करायला घेतो आणि तीनचतुर्थांश पाणी एकदम बदलतो. पीएच वर उसळतो आणि उरलेल्या अमोनियमचा काही भाग विषारी होतो. ३०° से. तापमानाला पीएच ७ असताना एकूण अमोनियाचा सुमारे ०.८ टक्के भाग विषारी रूपात असतो, तर पीएच ८ ला सुमारे ७.५ टक्के. ‘पाणी बदलले आणि मासे मेले’ या तक्रारीमागे क्लोरीन नसेल तर बहुधा हेच कारण असते. अशी टाकी सावरताना रोज १०–१५ टक्केच पाणी बदलावे. एरवी आठवड्याला २५ टक्के पुरते.

पाण्याजोगे मासे निवडावेत की माशांजोगे पाणी करावे, असे दोन पक्ष आहेत. दुसरा अशक्य नाही, पण प्रत्येक बदलाच्या वेळी तीच मात्रा साधावी लागते. घरगुती टाकीला पहिलाच मानवतो. सुफेन पाण्यात टेट्रा, रास्बोरा, कोरी (तळाशी राहणारा लहान मासा), गुरामी आणि बहुतेक लहान बार्ब सुखाने राहतात. मोली, गप्पी, प्लॅटी आणि स्वोर्डटेल यांना जड, म्हणजे काठिण्य जास्त असलेले, पाणी लागते. नळाच्या पाण्यात मोली पंख मिटून जागच्या जागी डुलू लागते. ते रोगाआधी पाण्याचे लक्षण समजावे. मोलीच्या टाकीत गाळणीत मूठभर धुतलेले तिसऱ्यांचे शिंपले ठेवल्यास काठिण्य हळूहळू वाढते. हेच शिंपले किंवा मिरामार-कोळव्याच्या समुद्रकिनाऱ्याची वाळू शोभेसाठी टेट्राच्या टाकीत घातली तर नकळत पाणी जड होते. वाळूवर व्हिनेगर टाकून फेस आला की ती नको. चिऱ्याच्या तुकड्याने काठिण्य वाढत नाही, पण त्याचा भुगा होऊन पाणी तांबूस होते.

तापमान : एप्रिल-मे महिन्यांत गोव्यातील घरात टाकीचे पाणी ३०° से. पर्यंत जाते. २५° ला पाण्यात लिटरमागे कमाल ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३०° ला ७.६. निऑन टेट्रा (पॅराकायरोडॉन इन्नेसी) २०°–२६° चा मासा, तेव्हा त्याऐवजी थोडा महाग असला तरी कार्डिनल टेट्रा (पॅ. ॲक्सेलरोडी) घ्यावा, तो उष्णता अधिक सोसतो. कोरींमध्ये स्टर्बाय ही जात याच कारणाने सरस. गोल्डफिशला १८°–२२° पाणी भावते आणि तो घाणही फार करतो, म्हणून या टाकीत त्याला जागा नाही. हीटर पावसाळ्यातसुद्धा क्वचितच लागतो.

तोंड आणि स्वभाव : जो मासा दुसऱ्याच्या तोंडात मावतो, तो आज ना उद्या खाल्ला जातो. एंजल दुकानात नाण्याएवढा असतो. मोठा झाला की तीन सेंटिमीटरचा निऑन रात्रीत नाहीसा होतो. टायगर बार्ब दोन-तीनच असले तर इतरांचे पंख कुरतडतात, आठ-दहा असले तर बरीचशी भांडणे आपसात मिटवतात. तरी लांब पंखांचा फायटर, एंजल किंवा गुरामी त्यांच्यासोबत नकोच. टाकी साफ करणारा म्हणून विकला जाणारा सकर ३० सेंटिमीटरहून मोठा होतो आणि भुकेला असला की एंजलसारख्या चपट्या, संथ माशांच्या अंगावरचा चिकट थर खरवडतो. ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न आणि ‘शार्क’ म्हणून मिळणारा पंगास यांचा येथे विचारच नको.

संच : ९०×३०×४० सेंमी. टाकीत वाळू आणि वरची मोकळी जागा वजा जाता सुमारे ९० लिटर पाणी राहते. तिच्यात मधल्या थरात १० कार्डिनल किंवा ८ हार्लेक्विन रास्बोरा, तळाशी ६ स्टर्बाय कोरी आणि वर मोती गुरामीचा एक नर व एक मादी हा संच ठरलेला आहे. ‘इंचाला गॅलन’ (माशाच्या दर इंच लांबीमागे एक गॅलन पाणी) हा हिशेब लहान, सडपातळ माशांपुरताच खरा. जिवाणू वाढावेत म्हणून मासे न सोडता, अमोनियासाठी थोडे खाद्य टाकत टाकी चार ते सहा आठवडे चालवून अमोनिया आणि नायट्राइट शून्य आल्यावर आधी कळपाचे मासे सोडावेत, दोन आठवड्यांनी कोरी, शेवटी गुरामी. आपली हद्द राखणारा मासा आधी सोडला की तो सगळी टाकी आपली समजतो. नवे मासे दोन-तीन आठवडे वेगळे ठेवावेत, नाहीतर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग सगळ्या टाकीत पसरतो. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये. पावसाळ्यात वीज गेली की दाटीच्या टाकीला सर्वांत आधी फटका बसतो. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ असावा. बंद गाळणी काही तास उलटले की धुऊनच चालू करावी.

स्थानिक मासे : ओहोळात आढळणारे ॲप्लोकायलस लायनिएटस (वरच्या थरात, उडी मारणारा, झाकण हवेच) आणि डेव्हारिओ मलबारिकस हे स्थानिक पाण्याला जात्याच सरावलेले. पहिला स्वतःहून लहान माशांना गिळतो, दुसरा चपळ आणि कळपात राहणारा. ॲ. ब्लॉकी या पहिल्याच्या लहान भाऊबंदाची चाचणी १९९० च्या दशकात गोव्यात मलेरियाच्या डासांविरुद्ध घेतली गेली होती. डॉकिन्सिया प्रजातीच्या बार्ब माशांची ओळख जिकिरीची आहे. ही प्रजाती २०१२ मध्ये पुन्टियसमधून वेगळी काढली गेली आणि २०२० मध्ये पश्चिम घाटातून तिच्या तीन नव्या जाती वर्णिल्या गेल्या. तेव्हा जुन्या याद्यांतील ‘फिलामेंटोसा’ हे नाव जपून वाचावे. खाजनातील (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीतील) कालुंदर (एट्रोप्लस सुराटेन्सिस) मचुळ पाण्याचा, वनस्पती खाणारा आणि थाळीएवढा होणारा. तो टाकीत नव्हे, मानशीजवळच (खाजनाच्या बांधातील पाण्याच्या दारापाशी) बरा. अभयारण्यांतून मासे पकडण्यास मनाई आहे, तसेच वाढलेला सकर किंवा नकोसा झालेला मासा ओढ्यात सोडू नये. दुकानदार बहुधा परत घेतात.