आवाज आपला, यंत्र कुणाचं?

मे २०२४मध्ये ओपनएआय या अमेरिकी कंपनीनं नवं मॉडेल, म्हणजे माणसासारखं लिहू-बोलू शकणारं यंत्र, जाहीर करताना सोबत एक छोटा तक्ता दिला होता. त्यात एकच वाक्य वीस भाषांत होतं. नमस्कार, माझं नाव अमुक, मी नव्या प्रकारचं भाषा-मॉडेल आहे, तुम्हाला भेटून आनंद झाला, अशा अर्थाचं. हे यंत्र कुठलंही वाक्य वाचण्याआधी त्याचे तुकडे पाडतं. त्या तुकड्यांना टोकन म्हणतात. जुन्या पद्धतीत हे वाक्य इंग्रजीत २७ टोकनांत मावत होतं. मराठीत त्याची ९६ टोकनं व्हायची आणि गुजरातीत १४५. नव्या पद्धतीत इंग्रजी २४वर आलं, तर मराठी आणि गुजराती दोन्ही ३३वर.

आम्हा बडोदेकरांचा दिवस या दोन्ही भाषांत जातो. घरात मराठी, भाजी घेताना गुजराती, आणि रिक्षात बसल्यावर जी आधी तोंडात येईल ती. त्यामुळे मी तो तक्ता बराच वेळ पाहत बसले.

हा फरक का पडत होता? तुकडे कसे पाडायचे हे यंत्र आधी वाचलेल्या मजकुरावरून शिकतं. जी अक्षरं वारंवार शेजारी येतात ती जोडून त्यांचा एक तुकडा करतं. इंटरनेटवर इंग्रजीचा महापूर असल्यामुळे तिथे अख्खे शब्दच एकेक तुकडा होऊन बसले. देवनागरी तुलनेनं फार कमी वाचायला मिळाली. शिवाय देवनागरीचं प्रत्येक चिन्ह साठवायला संगणकाला तीन बाइट लागतात, साध्या इंग्रजी अक्षराला एक. परिणामी आपल्या शब्दांचे अक्षरापेक्षाही बारीक तुकडे व्हायचे. जे लोक या मॉडेलवर सेवा उभारतात त्यांच्याकडून पैसे टोकनांवर घेतले जातात आणि यंत्राला एका वेळी लक्षात ठेवता येतं तेही टोकनांतच मोजलं जातं. म्हणजे मराठीतून तोच प्रश्न विचारायला खर्च तिपटीहून जास्त, उत्तर उशिरा, आणि गप्पा लांबल्या की आधीचं विसरणंही लवकर.

सॅन फ्रान्सिस्कोतल्या काही अभियंत्यांनी तुकडे पाडायची रीत बदलली आणि ही तफावत बरीचशी मिटली. चांगलं काम झालं, यात शंका नाही. पण त्यासाठी इथल्या कुणी अर्ज केला नव्हता आणि उद्या त्यांनी उलटा निर्णय घेतला तर तोही आपल्याला विचारून घेतला जाणार नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोलताना आपल्याकडे नाती एका कप्प्यात, फसवणूक दुसऱ्यात आणि देशादेशांतली चढाओढ तिसऱ्यात टाकायची पद्धत आहे. मला ही वाटणीच मान्य नाही. यंत्र आपली भाषा जितकी जवळून शिकेल तितकं ते आपल्या कामाला येईल आणि तितकंच सहज आपल्याला गंडवूही शकेल. तिन्ही प्रश्न इथूनच निघतात.

दांडिया बाजारात राहणाऱ्या ओळखीच्या एका काकूंना मध्यंतरी एक फोन आला. आवाज टोरंटोत शिकणाऱ्या पुतण्याचा. ‘काकू, माझ्या हातून अपघात झालाय, पोलिसांनी धरलंय, आईला सांगू नको, लगेच पैसे पाठव.’ काकूंचे हातपाय गळाले. तरी त्यांना काहीतरी खटकत होतं. हा मुलगा रावपुऱ्यात वाढलेला. नेहमीचं बोलणंसुद्धा अर्धं गुजरातीत, आणि घाबरला की मराठी पार सुटते. फोनवरचा मुलगा मात्र एकही गुजराती शब्द न घेता स्वच्छ, पुस्तकी मराठी बोलत होता. काकू म्हणाल्या, ‘थांब, मी तुझ्या नंबरवर करते.’ पलीकडून फोन कट झाला. पुतण्या तेव्हा आपल्या खोलीवर झोपलेला होता.

आवाजाची अशी नक्कल कशी होते, हे समजून घेण्यासारखं आहे. यंत्राला आधी हजारो माणसांचं बोलणं ऐकवतात. त्यातून ते दोन गोष्टी वेगळ्या करायला शिकतं: काय बोललं जातंय आणि कोण बोलतंय. ‘कोण’ची माहिती आकड्यांच्या एका यादीत मावते. आवाजाची पट्टी, घोगरेपणा, श्वास घ्यायची जागा, शब्दाचा शेवट ओढायची सवय, सगळं त्यात येतं. एकदा ही यादी हाती आली की कुठलाही मजकूर त्या आवाजात वदवून घेता येतो. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी जानेवारी २०२३मध्ये असं एक मॉडेल मांडलं. ते ६०,००० तासांच्या इंग्रजी बोलण्यावर शिकलेलं होतं आणि नव्या माणसाचा आवाज उचलायला त्याला फक्त तीन सेकंदांचा नमुना पुरत होता. इन्स्टाग्रामवरचं एखादं रीलसुद्धा त्याहून लांब असतं.

फोनही फसवणाऱ्याच्या मदतीला येतो. साध्या टेलिफोनवर आवाजातला साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पुढे जातो. वरचे बारकावे छाटलेलेच असतात. आपला कान त्या छाटलेल्या आवाजाला सरावलेला आहे, त्यामुळे नकलेतल्या उणिवाही त्यात खपून जातात. आता तर चेहरेही बनवता येतात. २०२४च्या सुरुवातीला अरुप या ब्रिटिश अभियांत्रिकी कंपनीच्या हाँगकाँगमधल्या कर्मचाऱ्यानं व्हिडिओ बैठकीत वरिष्ठांना पाहून, त्यांचं ऐकून सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवून दिले. बैठकीतली ती माणसं बनावट होती.

काकू वाचल्या त्या बडोद्याच्या बोलीमुळे. ही सरमिसळ कुणी यंत्राला भरवलेली नाही, म्हणून नक्कल उघडी पडली. पण हे संरक्षण फार काळ पुरणार नाही, आणि पुरावं असंही आपण खरं तर म्हणू शकत नाही. कारण याच काकूंना औषधाच्या गोळ्यांबद्दल, पेन्शनच्या फॉर्मबद्दल आपल्या बोलीत विचारता यावं, असं मला मनापासून वाटतं. केंद्र सरकारनं २०२२मध्ये सुरू केलेल्या ‘भाषिणी’ या भारतीय भाषांसाठीच्या सेवेचा हेतू हाच आहे. तिच्या ‘भाषादान’ उपक्रमात कुणीही आपल्या भाषेतली वाक्यं बोलून, लिहून देऊ शकतं. बडोद्याची मराठी तिथे पोचली की यंत्राला काकू समजतील. त्याच दिवसापासून खोट्या पुतण्यालाही काकूंशी कसं बोलायचं ते समजेल.

तोवर घरच्या घरी करता येण्यासारखं थोडं आहे, पण ते खरोखर उपयोगी आहे. कुटुंबात एक परवलीचा शब्द ठरवून ठेवा, कुठेही न लिहिलेला. पैशाची मागणी करणारा फोन कुणाचाही असो, तो ठेवून आपल्याकडे असलेल्या नंबरवर आपण फोन लावायचा. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची कुठलीही गोष्ट भारतीय कायद्यात नाही. व्हिडिओ कॉलवर कुणी अटक करत नाही. आणि पैसे गेलेच तर लाज न बाळगता लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकावर कळवायचं, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आली तरच परत मिळण्याची आशा असते.

फसवणुकीपेक्षा हळू घडणारी आणि म्हणून मला जास्त काळजी वाटणारी गोष्ट म्हणजे सोबत. बडोद्यात अशी कितीतरी घरं आहेत जिथे मुलं अमेरिका-कॅनडात आणि आईवडील इथे. मुलांची सकाळ होते तेव्हा यांची रात्र. अशा घरात फोनमधलं यंत्र रात्री अकरा वाजता न कंटाळता ऐकून घेतं, चौकशी करतं. त्यातून मिळणारा दिलासा खोटा आहे असं मी म्हणणार नाही. माणसाला यंत्राशी मन मोकळं करावंसं वाटणं नवीनही नाही. १९६६मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या जोसेफ वायझेनबाउम यांनी एलायझा नावाचा प्रोग्रॅम जगासमोर मांडला. समोरच्याचंच वाक्य उलटवून प्रश्न विचारायचा, एवढीच त्याची करामत. तरी त्याच्याशी दोन वाक्यं बोलल्यावर वायझेनबाउम यांच्या सेक्रेटरीनं त्यांना खोलीबाहेर जायला सांगितलं होतं, आणि हा प्रोग्रॅम त्यांनी कसा घडवला ते तिनं डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

आजच्या यंत्रात एक भर पडली आहे. त्याला घडवताना माणसांना उत्तरांच्या जोड्या दाखवून ‘यातलं कुठलं आवडलं?’ असं विचारतात आणि आवडलेल्याच्या दिशेनं यंत्राला वळवत नेतात. माणसाला आपल्या बाजूनं बोलणारं उत्तर आवडतं. मग यंत्र हांजी-हांजी करायला शिकतं. एप्रिल २०२५मध्ये ओपनएआयला आपल्या मॉडेलची एक सुधारणा याच कारणानं मागे घ्यावी लागली. ते लोकांच्या चुकीच्या निर्णयांनाही वाहवा म्हणू लागलं होतं. सुनेबद्दल तक्रार करणाऱ्या सासूला ‘तुमचंच बरोबर’ आणि तिकडे सुनेलाही ‘तुमचंच बरोबर’ असं ऐकायला मिळालं तर त्या दोघींमधलं बोलणं कोण सुरू करणार? शेजारीण निदान म्हणते की अगं, तूही जरा सबुरीनं घे. नात्याला असं ऐकवणारं माणूस लागतं.

आणि ही सोबत आपल्या मालकीची नसते. ऑगस्ट २०२५मध्ये त्याच कंपनीनं नवं मॉडेल आणताना जुनं काढून घेतलं, तेव्हा जुन्याची सवय झालेल्या असंख्य लोकांनी जिवलग गेल्यासारखी हळहळ व्यक्त केली. कंपनीनं ते परत आणलं, पण पैसे भरणाऱ्यांसाठी. एखाद्याच्या एकटेपणाची किल्ली अशी दूरच्या कार्यालयात असणं, हा सत्तेचाच प्रकार आहे.

ही सत्ता इतक्या थोड्या हातांत का? उत्तर बरंचसं यंत्रसामग्रीत आहे. अशी मॉडेल घडवायला अतिशय प्रगत संगणकीय चिपा लागतात. सर्वांत प्रगत चिपा कोरायला लागणारं यंत्र जगात एकच कंपनी बनवते, नेदरलँड्समधली एएसएमएल. त्या यंत्रात वितळलेल्या कथिलाचे बारीक थेंब दर सेकंदाला सुमारे ५०,००० या वेगानं सोडतात, प्रत्येकावर लेसर मारतात आणि त्यातून निघणाऱ्या १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशानं सिलिकॉनवर नक्षी उमटवतात. अशी यंत्रं वापरून जगातल्या बहुतांश प्रगत चिपा तैवानची टीएसएमसी बनवते. म्हणून अमेरिकेनं ऑक्टोबर २०२२मध्ये चीनकडे जाणाऱ्या प्रगत चिपांवर निर्बंध घातले तेव्हा त्यांचा घाव वर्मी बसला.

आमच्या गुजरातेत साणंदला मायक्रॉनचा आणि धोलेराला टाटांचा चिप प्रकल्प आला, याचा अभिमान वाटतो आणि तो वाटावाच. मात्र साणंदला चिपांची जुळणी आणि चाचणी होते, तर धोलेराचा ९१,००० कोटींचा कारखाना २८ नॅनोमीटर आणि त्याहून जाड नक्षीसाठी आहे. त्या चिपा मोटारींना, विजेच्या उपकरणांना लागतील. मोठी भाषा-मॉडेल ज्यांवर घडतात त्या चिपा तिथे तयार होणार नाहीत. भारत सरकारनं मार्च २०२४मध्ये सुमारे १०,३७२ कोटींच्या इंडिया एआय मिशनला मंजुरी दिली आणि त्यातून संशोधकांना, नवउद्योगांना सवलतीत संगणनक्षमता मिळते, हे योग्य पाऊल आहे. पण त्यासाठीच्या चिपाही बाहेरूनच घ्याव्या लागतात.

दुसरी वाट खुल्या मॉडेलची. जानेवारी २०२५मध्ये डीपसीक या चिनी कंपनीनं आपलं मॉडेल कुणालाही उतरवून घेता येईल असं खुलं ठेवलं. अशा मॉडेलवर एखादं विद्यापीठ मराठीसाठी काम करू शकतं, कंपनीची परवानगी न मागता. ठगांनाही परवानगी लागत नाही, हे त्यासोबत येतंच.

या शहराला ज्ञानाच्या मालकीचा प्रश्न नवा नाही. सयाजीराव महाराजांनी १९०६मध्ये संपूर्ण राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. शिकलेल्याला वाचायला काही हवं म्हणून १९१०मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बोलावून ग्रंथालयांचं जाळं उभं केलं आणि लाकडी पेट्यांतून फिरती ग्रंथालयं गावोगावी पाठवली. तज्ज्ञ बाहेरून आणला, पद्धत बाहेरची घेतली. ग्रंथालय मात्र इथल्या लोकांचं राहिलं. कृत्रिम बुद्धिमत्तेबाबत मला हाच रस्ता शहाणपणाचा वाटतो.

त्यासाठी एक तांत्रिक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात दिलेली संमती मागे घ्यायची सोय आहे. पण मॉडेल एकदा आपल्या आवाजावर शिकलं की तो आवाज अब्जावधी आकड्यांत विरून जातो. मूळ ध्वनिफीत पुसता येते, शिकलेलं नेमकं तेवढंच पुसणं अजून फार अवघड आहे. म्हणून अटी आवाज देण्याआधी घालाव्या लागतात.

बडोद्यातल्या मराठी आणि गुजराती संस्थांनी, ग्रंथालयांनी आणि विद्यापीठानं मिळून या शहराची बोली स्वतः ध्वनिमुद्रित करावी, असं मला वाटतं. पुस्तकातली वाक्यं वाचून घेऊ नयेत. खंडेराव मार्केटमधली घासाघीस, दवाखान्यातलं बोलणं, आजीनं नातवाला रागावणं घ्यावं. मूळ फिती इथेच ठेवाव्यात. बोलणं समजून घेणाऱ्या यंत्रासाठी त्या द्याव्यात, आवाजाची नक्कल करणाऱ्या यंत्रासाठी देऊ नयेत. कुणाला, कशासाठी दिल्या याची नोंदवही कुणालाही पाहता येईल अशी ठेवावी. यातली पहिली बैठक घ्यायला कुठल्या चिपेची गरज नाही.