सीडीतली गाणी संगणकात: कोणतं सॉफ्टवेअर, हा प्रश्न आला कुठून

विदर्भातल्या कुठल्याही गावात भजनी मंडळाचं कपाट उघडलं, तर टाळ-खंजिरीच्या मागे सीड्यांची चळत सापडतेच. घराघरांत टीव्हीच्या स्टँडखालीही तीच गत. सीडी प्लेअर कधीचा बंद पडलेला, नव्या लॅपटॉपला सीडी घालायची सोयच नाही, आणि गाणी तर मोबाईलवर नाहीतर ट्रॅक्टरच्या पेनड्राईव्हवर पाहिजेत. मग "एवढे गाने काढून देजो ना भाऊ" म्हणत माणूस तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याकडे जातो. तो सीडी घालतो, समोर जे सॉफ्टवेअर असेल त्यात बटण दाबतो, पाच-दहा मिनिटांत काम फत्ते. घरी ऐकायला बसलं की तिसऱ्या गाण्यात 'टक्' येतं आणि सहाव्यात अर्धी ओळ गायब. हीच सीडी प्लेअरवर मात्र बरी वाजत होती.

दोष सीडीचा की सॉफ्टवेअरचा, या वादाचं मूळ त्या काळात आहे जेव्हा सीडी फक्त ऐकायची वस्तू होती.

फिलिप्स आणि सोनी यांनी 1980 साली सीडीचं प्रमाण ठरवलं. 'रेड बुक' म्हणतात ते हेच. 12 सेंटिमीटरची चकती, दोन चॅनल, सेकंदाला 44,100 नमुने (नमुना म्हणजे त्या क्षणाच्या आवाजाचं माप), प्रत्येक नमुना 16 बिटांचा. त्या काळी डिजिटल आवाज साठवायला व्हिडिओ टेपच वापरत, आणि तिच्या चित्रओळींच्या हिशेबात बसला म्हणून 44,100 हा आडमाप आकडा आला. ऑक्टोबर 1982 मध्ये जपानात सीडी विक्रीला आली. घरच्या संगणकात सीडी घालून गाणी काढून घेण्याचा विचार तेव्हा कोणी केलाच नव्हता, म्हणून गाण्यांच्या सीडीवर फाइली नसतात. असतो तो एक सलग प्रवाह: सेकंदाचे 75 तुकडे, प्रत्येक तुकडा 2,352 बाइटचा. विंडोजमध्ये अशी सीडी उघडली की 'ट्रॅक01.सीडीए' वगैरे नावं दिसतात. ती ओढून पेनड्राईव्हवर टाकणाऱ्यांना पुढचा अनुभव ठाऊक असेल. बारा गाणी क्षणात कॉपी होतात आणि एकही वाजत नाही, कारण त्या प्रत्येक फाइलीत जेमतेम 44 बाइट असतात. गाणं कुठून सुरू होतं आणि किती लांब आहे एवढीच ती नोंद, आवाज त्यात नाहीच.

पुढे संगणकाची सीडी आली तेव्हा तिच्या प्रत्येक तुकड्यात 2,048 बाइटच माहितीसाठी ठेवले. उरलेली जागा पत्त्याला आणि चुका दुरुस्त करण्याच्या जादा सोयीला दिली. गाण्यांच्या सीडीत ती सगळी जागा आवाजालाच गेली. दुरुस्तीची एक पातळी तिच्यातही आहे आणि ती चांगली भक्कम आहे. किरकोळ ओरखडे ती मुकाट्याने भरून काढते. तिच्याही आवाक्याबाहेरचं काही आलं की प्लेअर मागचापुढचा नमुना पाहून मधला अंदाजाने ठेवून देतो. कानाला पत्ता लागत नाही. कपाटातली सीडी 'बरी वाजत होती' ती बऱ्याचदा या अंदाजाच्या जोरावर.

नव्वदीच्या दशकात सीडी ड्राइव्ह संगणकात आले आणि लोक थेट आवाज काढून घेऊ लागले, तेव्हा दुसरंच दुखणं पुढे आलं. ड्राइव्ह थोडं वाचतो, थांबतो, संगणक ते आपल्या हार्ड डिस्कवर लिहून घेतो, मग ड्राइव्ह पुन्हा पुढे वाचायला लागतो. पण गाण्याच्या तुकड्यांवर नेमका पत्ता नसल्यामुळे तो थोडा अलीकडे किंवा पलीकडे उतरतो, आणि सांध्यावर 'टक्' वाजतं. पानांवर आकडे नसलेली पोथी मध्येच ठेवून पुन्हा हातात घेतली, तर आपण आधीच्या चार ओव्या परत वाचून जागा जुळवतो. सॉफ्टवेअरवाल्यांनी नेमका हाच उपाय काढला. आधी वाचलेला थोडा भाग मुद्दाम पुन्हा वाचायचा आणि दोन्ही वाचनं जिथे जुळतील तिथे सांधायचं. लिनक्स या मोफत संगणक प्रणालीवर ख्रिस्तोफर माँटगोमेरी यांचं सीडीपॅरानोया याच मार्गाने गेलं. नाव शोभणारं आहे, ते ड्राइव्हच्या कुठल्याच उत्तरावर सहजी विश्वास ठेवत नाही.

विंडोजवर हे काम जर्मनीच्या आंद्रे वीटहॉफ यांनी केलं. त्यांचं एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी, म्हणजे ईएसी, 1998 पासूनचं. त्याच्या 'सिक्युअर' पद्धतीत प्रत्येक तुकडा निदान दोनदा वाचला जातो. दोन्ही वाचनं जुळली नाहीत तर सोळा-सोळा वेळांच्या फेऱ्या सुरू होतात, आणि सोळांपैकी आठ वाचनं सारखी येईपर्यंत तो तुकडा सुटत नाही. अगदी वाईट जागी एकच तुकडा 82 वेळा वाचला जाऊ शकतो. एवढं करूनही जमलं नाही, तर कोणत्या गाण्यात कितव्या मिनिटाला शंका आहे हे ते नोंदीत लिहून ठेवतं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली मोलाची गोष्ट ती नोंदच आहे. आपलं कुठे चुकलं हे सांगणारं सॉफ्टवेअर त्याआधी फार थोडं होतं. यात एक अडचण ड्राइव्हच्या कॅशेची, म्हणजे वाचलेलं तात्पुरतं धरून ठेवणाऱ्या स्मृतीची असते. पुन्हा वाच म्हटलं की काही ड्राइव्ह सीडीकडे न बघता मघाशी वाचलेलंच परत देतात, आणि दोन्ही वाचनं अर्थातच जुळतात. म्हणून चांगलं सॉफ्टवेअर आधी ड्राइव्ह तपासून घेतं.

किंमत मोजावी लागते ती वेळेची. ओरखड्यांनी भरलेली एखादी सीडी तासभरही खाते. भारनियमनाच्या वर्षांत, दुपारी वीज गेली की रात्रीच यायची तेव्हा, हे आमच्याकडे कोणाला परवडणार होतं? तालुक्याच्या दुकानांत घाईचं सॉफ्टवेअर रुजलं त्यामागे हेही एक कारण आहे.

त्यात एमपीथ्री आलं. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधनातून तयार झालेल्या या पद्धतीला तिचं फाइलीचं नाव 1995 मध्ये मिळालं. कानाला सहसा न जाणवणारे बारकावे टाकून द्यायचे आणि फाइल दहा-अकरा पटींनी लहान करायची, हा तिचा हिशेब. मूळ सीडी मिनिटाला सुमारे 10 एमबी घेते, 128 केबीपीएसचं (सेकंदाला 128 किलोबिटचं) एमपीथ्री जेमतेम 1 एमबी. 1998 मध्ये सुरू झालेल्या लेम या मोफत एन्कोडरने, म्हणजे एमपीथ्री बनवणाऱ्या सॉफ्टवेअरने, त्याचा दर्जा पुष्कळ वर नेला. ॲपलचं आयट्यून्स 2001 चं, पण गावाकडे त्याचं नाव क्वचितच ऐकू आलं. इथे चालायचं ते विंडोज एक्सपीसोबत आलेलं मीडिया प्लेअर. ते गाणी डब्ल्यूएमए या मायक्रोसॉफ्टच्या फाइलप्रकारात ठेवायचं, आणि 'कॉपी प्रोटेक्ट'ची खूण तशीच राहिली असली तर त्या गाण्यांचा परवाना त्याच संगणकाशी बांधला जायचा. आपल्याकडे संगणकाच्या बहुतेक दुखण्यांवर एकच औषध: फॉरमॅट मार. फॉरमॅट मारला की परवाना गेला. मग गाण्यांच्या फाइली समोर दिसायच्या आणि उघडायच्या मात्र नाहीत.

कंपन्यांचा धाकही होताच. 2005 मध्ये सोनी बीएमजीच्या काही सीड्या संगणकात घातल्या की गुपचूप एक प्रोग्रॅम बसवतात, हे संगणकतज्ज्ञ मार्क रुसिनोविच यांनी उघड केलं आणि अमेरिकेत मोठं वादळ उठलं. आपल्या चळतीत तसली सीडी निघण्याची शक्यता जवळपास नाही.

कारण आपली चळत वेगळीच आहे. कॅसेटनंतर विदर्भाच्या खेड्यांत कंपनीची गाण्यांची सीडी फारशी आलीच नाही. आल्या त्या शंभर-दीडशे गाणी भरलेल्या एमपीथ्री सीड्या आणि व्हीसीडी. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला भीमगीतांची दुकानं लागतात, शेगावला मंदिराच्या रस्त्यावर गजानन महाराजांच्या आरत्या मिळतात. तिथून सीड्या घरी आल्या. एमएस-सीआयटीच्या वर्गांबरोबर तालुक्याला सीडी रायटर पोचले तसा तिसरा प्रकार वाढला. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजनं म्हणणारं गावचं मंडळ, झाडीपट्टीतली दंडार (लोकनाट्य), कोणाच्या तेरवीचं कीर्तन, हे सगळं रेकॉर्ड करून कोऱ्या सीडीवर उतरवलेलं. वर स्केच पेनने लिहिलेलं नाव. जगात त्याची दुसरी प्रत नसते.

म्हणून सॉफ्टवेअर निवडण्याआधी सीडी कोणत्या जातीची आहे ते बघावं. एमपीथ्री सीडी असेल तर काही काढायचं नसतंच, फाइली सरळ कॉपी करायच्या. मध्येच अडकली तर डीडीरेस्क्यूसारखं साधन आधी जेवढं निघतं तेवढं काढून घेतं आणि मग वाईट जागांकडे परत फिरतं. व्हीसीडीत 'एमपीईजीएव्ही' नावाच्या फोल्डरमध्ये डॅट फाइली असतात. त्यांतला आवाज एफएफएमपीईजी या मोफत साधनाने जसाच्या तसा वेगळा करता येतो. या दोन्हींसाठी रिपिंग सॉफ्टवेअर, म्हणजे सीडीतली गाणी काढून घेणारं सॉफ्टवेअर, शोधत बसणं हा निव्वळ वेळेचा अपव्यय. उरल्या खऱ्या गाण्यांच्या सीड्या, कंपनीच्या किंवा गावात भरलेल्या, आणि पुढचं सगळं त्यांच्यासाठी.

रिपिंग सॉफ्टवेअरच्या जाहिरातीत दोन सोयी पुढे असतात. पहिली, नावं आपोआप भरण्याची. सीडीवर सहसा गाण्यांची नावं नसतात, म्हणून नव्वदीच्या सुरुवातीला सीडीडीबी ही यादी सुरू झाली. लोकांनी फुकटात नावं भरली आणि पुढे ती यादी व्यापारी झाली, तिचं ग्रेसनोट झालं. चिडलेल्यांनी फ्रीडीबी काढली, ती 2020 मध्ये बंद पडली. आज मोकळी आणि भरवशाची यादी म्हणजे म्युझिकब्रेन्झ. जुन्या याद्या सीडी ओळखायच्या त्या गाण्यांची संख्या आणि प्रत्येक गाणं कितव्या सेकंदाला सुरू होतं यावरून. त्यामुळे खंजिरी भजनाच्या सीडीला भलत्याच इंग्रजी बँडचं नाव चिकटू शकायचं. दुसरी सोय ॲक्युरेटरिपची. आपण काढलेल्या गाण्यातल्या सगळ्या आकड्यांची बेरीज जगातल्या इतरांच्या बेरजेशी ताडून बघायची, जुळली तर प्रत अचूक. कल्पना झकास आहे आणि कंपनीच्या सीडीला तिच्याइतका पक्का पुरावा नाही. पण ज्या सीडीची दुसरी प्रतच नाही, ती ताडणार कशाशी?

म्हणजे ज्या गुणांवर परदेशात सॉफ्टवेअरची क्रमवारी लागते, ते गुण आपल्या चळतीच्या सगळ्यात मोलाच्या भागाला लागूच पडत नाहीत. तिथे कामाला येतं ते पुन्हा पुन्हा वाचणं, प्रामाणिक नोंद आणि देवनागरीत नाव नीट ठेवणं. विंडोजवर या कामाला मी ईएसीच सुचवीन. मोफत आहे, फक्त सुरुवातीच्या सेटिंगला अर्धा तास डोकं लावावं लागतं. तेवढा धीर नसेल तर फ्रीॲक बरं. ते विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालतं आणि समजायला सोपं आहे. डीबीपॉवरॅम्प विकत घ्यावं लागतं, काम उत्तम, पण पन्नास-साठ सीड्यांसाठी पैसे घालावेत असं मला वाटत नाही. लिनक्सवाल्यांना व्हिपर आहे. विंडोजचं स्वतःचं मीडिया प्लेअर कोऱ्या करकरीत सीडीला चालेल, ओरखडे पडलेल्या सीडीला नाही.

फाइलीचा प्रकार ठरवायला आता फार विचार लागत नाही. 2001 मध्ये आलेलं फ्लॅक आवाजातलं काहीही न टाकता फाइल साधारण निम्मी करतं आणि त्यात नावं युनिकोडमध्येच, म्हणजे देवनागरीही जशीच्या तशी, राहतात. मूळ प्रत फ्लॅकमध्ये ठेवावी, ट्रॅक्टरच्या पेनड्राईव्हसाठी तिच्यावरून एमपीथ्री करावं. जुन्या कार स्टिरिओत देवनागरी नावाच्या जागी चौकोन दिसतात, म्हणून त्या प्रतीला नावं रोमन लिपीत दिलेली बरी. एक मात्र लक्षात असू द्यावं. दुकानात भरून घेतलेली बरीचशी गाण्यांची सीडी मुळात 128 च्या एमपीथ्रीवरूनच बनवलेली असते. ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरात स्पेक्ट्रम, म्हणजे आवाजातल्या कंप्रतांचा आलेख, काढला तर 16 किलोहर्ट्झच्या आसपास आवाज कापल्यासारखा थांबलेला दिसतो. अशा सीडीचं फ्लॅक केल्याने गेलेला आवाज परत येत नाही, नुसती जागा भरते.

कायद्याची बाजू थोडक्यात. भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 52 खासगी वापरासाठीच्या रास्त उपयोगाला मोकळीक देतं, त्यामुळे स्वतःच्या सीडीची स्वतःपुरती प्रत काढणं सहसा त्या चौकटीत बसतं. तीच गाणी दुकानात दहा-वीस रुपयांत चिपवर भरून विकणं बसत नाही. गावच्या मंडळाचं रेकॉर्डिंग असेल तर गाणाऱ्यांना विचारून घ्यावं.

घाई करायची ती गावात भरलेल्या सीड्यांची. कंपनीच्या सीडीत खड्डे छापलेले असतात. कोऱ्या सीडीत लेझरने जाळलेला रंगाचा थर असतो आणि त्याला ऊन-उष्णता सोसत नाही. चंद्रपूर-वर्ध्याकडच्या मे महिन्यात टिनाच्या छपराखाली पंधरा उन्हाळे काढलेली सीडी पहिल्या ड्राइव्हवर वाचली गेली नाही, तर लगेच टाकून देऊ नये. सेतू केंद्रातल्या जुन्या डेस्कटॉपचा डीव्हीडी रायटर आणि विकत आणलेला यूएसबी ड्राइव्ह एकाच सीडीला वेगवेगळं उत्तर देतात. वाचायचा वेग कमी करून दोन्हींवर लावून बघावी आणि ज्याची नोंद स्वच्छ येईल ती प्रत ठेवावी.