सुंता, प्रौढ पुरुषांतील

शिश्नाच्या टोकावरील अग्रत्वचा शस्त्रक्रियेने अंशतः किंवा पूर्णतः काढून शिश्नमणी कायमचा उघडा करणे म्हणजे सुंता. बेळगाव, खानापूर, निपाणी व चिकोडी या सीमाभागातील मुस्लिम समाजात ती बालपणीचा धर्मसंस्कार म्हणून केली जाते, आणि पूर्वी ते काम बहुधा हज्जाम करीत असे. मराठी भाषक हिंदू व जैन समाजांत असा संस्कार नाही. त्यामुळे तेथील प्रौढ पुरुष या शस्त्रक्रियेसाठी येतो तो जवळजवळ नेहमी वैद्यकीय कारणानेच, आणि संकोचामुळे बहुधा उशिरा येतो. प्रस्तुत नोंद मुख्यतः अशा प्रौढ रुग्णांवरील आधुनिक पद्धतींची व त्यानंतरच्या भरून येण्याची आहे.

या प्रथेच्या उगमाविषयी एकमत नाही. सर्वांत जुना चित्रपुरावा म्हणून ईजिप्तमधील सक्कारा येथील अंखमाहोर या अधिकाऱ्याच्या थडग्यातील शिल्पपट दाखवला जातो. तो सहाव्या राजवंशाच्या काळातील, म्हणजे ढोबळमानाने इ. स. पू. २४०० ते २३०० या दरम्यानचा मानतात. त्यातील प्रसंग सुंतेचाच आहे, असे बहुतेकांचे मत आहे. काही अभ्यासकांना मात्र त्याचा किमान एक भाग धार्मिक शुद्धीपूर्वीच्या क्षौराचा वाटतो. ग्रीक इतिहासकार हीरॉडोटसने इ. स. पू. पाचव्या शतकात ईजिप्शियन लोक स्वच्छतेसाठी सुंता करतात असे लिहिले आणि फिनिशियन व सिरियन लोकांनी ती त्यांच्याकडून घेतल्याचे सांगितले. याउलट उत्तर सिरियातील, इ. स. पू. तिसऱ्या सहस्रकाच्या प्रारंभीच्या समजल्या जाणाऱ्या, सुंता झालेल्या योद्ध्यांच्या मूर्तींवरून ही प्रथा उत्तरेकडून दक्षिणेकडे गेली असावी, असा पक्ष विसाव्या शतकात मांडला गेला. ईजिप्तमध्ये त्वचेला केवळ उभी चीर देत आणि पश्चिम सेमिटिक लोकांत ती सबंध काढीत, हा भेद लक्षात घेता एकाच उगमाचा आग्रह न धरणे अधिक सयुक्तिक ठरते.

भारतीय वैद्यकात या विषयाचा विचार संस्काराच्या नव्हे, तर रोगाच्या अंगाने झालेला आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात, म्हणजे रोगनिदानाच्या विभागात, क्षुद्ररोगांमध्ये (किरकोळ रोगांमध्ये) परिवर्तिका, अवपाटिका व निरुद्धप्रकश हे तीन विकार येतात. मागे सरकलेली त्वचा मण्यामागे अडकून सुजणे, त्वचा फाटणे आणि तिचे तोंड आवळून मूत्रमार्ग रोधला जाणे, असे त्यांचे अनुक्रमे स्वरूप आहे. निरुद्धप्रकशावर चिकित्सास्थानात तूप माखलेली, दोन्ही बाजूंनी उघडी अशी लोखंडाची, लाकडाची किंवा लाखेची नळी आत घालावी आणि दर तीन दिवसांनी अधिक जाड नळी वापरावी, असे सांगितले आहे. तेवढ्याने न भागल्यास सेवनी, म्हणजे खालच्या बाजूची मध्यरेषा, वाचवून छेद द्यावा आणि ताज्या जखमेप्रमाणे उपचार करावेत. यात त्वचा संपूर्ण काढण्याचा उल्लेख नाही. म्हणून या उताऱ्याला सुंतेचे वर्णन म्हणणे बरोबर नाही. आजच्या शस्त्रक्रियेतही खालच्या बाजूलाच सर्वाधिक सावधगिरी लागते, हे साम्य मात्र लक्षणीय आहे.

प्रौढांत शस्त्रक्रियेचे सर्वांत सामान्य कारण फायमोसिस, म्हणजे त्वचा मागे न सरकणे, हे होय. लहान मुलांत ही अवस्था स्वाभाविक असते आणि किशोरवयाच्या अखेरीस ती फार थोड्यांत उरते. चाळिशीनंतर ती नव्याने उद्भवल्यास मधुमेहाची तपासणी करणे अत्यावश्यक आहे, कारण लघवीतील साखरेमुळे वारंवार बुरशीचा संसर्ग होतो, त्वचेला भेगा पडतात आणि त्या भरताना तोंड आवळत जाते. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या ग्लिफ्लोझिन गटातील गोळ्यांनीही हा संसर्ग वाढू शकतो. पांढरट, ताठर वण करणारा लायकेन स्क्लेरोसस, पुनःपुन्हा होणारा दाह आणि कर्करोगाची शंका ही इतर कारणे होत. वण नसलेल्या सौम्य फायमोसिसमध्ये बीटामेथॅसोनसारखे स्टिरॉइड मलम चार ते आठ आठवडे लावून पाहावे. अनेकांची शस्त्रक्रिया त्यामुळे टळते.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत प्रौढांसाठी तीन पद्धती दिल्या आहेत. चिमट्याच्या आधाराने करावयाच्या पद्धतीत त्वचा पुढे ओढून मण्याच्या पुढे चिमटा लावतात व त्याच्या बाहेरच्या कडेने कापतात. ती शिकण्यास सोपी आहे, पण त्वचा घट्ट आवळलेली असल्यास योग्य नाही. अशा वेळी वरच्या बाजूने उभी चीर देऊन मग गोलाकार छेद घेणारी दुसरी पद्धत सोयीची ठरते. तिसऱ्या, बाही-छेद पद्धतीत त्वचा नैसर्गिक स्थितीत असताना बाहेरून एक आणि ती मागे सारून मण्याच्या खाचेपासून अर्धा ते एक सेंटिमीटर अंतरावर आतून दुसरा, असे दोन वर्तुळाकार छेद घेऊन मधला पट्टा सोलून काढतात. तिला वेळ व कौशल्य अधिक लागते, परंतु वण सर्वांत नेटका येतो; अनुभवी शल्यचिकित्सक उपलब्ध असल्यास तिलाच पसंती द्यावी.

तिन्ही पद्धतींत शिश्नाच्या मुळाशी लिग्नोकेनचे इंजेक्शन देऊन जागा बधिर करतात. या औषधात अॅड्रेनलिन, म्हणजे रक्तवाहिन्या आकुंचित करणारे द्रव्य, मिसळलेले नसावे आणि त्याची मात्रा शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे ३ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावी, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १ टक्का द्रावण १८ मिलिलिटरपर्यंतच चालते. रक्तस्राव प्रामुख्याने खालच्या बाजूच्या फ्रेन्युलम या त्वचाबंधातील धमनीतून होतो, म्हणून तेथे आडवा गादीटाका, म्हणजे त्वचेतून दोनदा आरपार जाणारा टाका, घालतात. टाके विरघळणारे असतात. विजेने रक्तवाहिन्या जाळताना प्रवाह शिश्नाच्या मुळाकडे एकवटू नये यासाठी द्विध्रुवी चिमटा, म्हणजे ज्याच्या दोन टोकांमध्येच प्रवाह वाहतो असा चिमटा, अधिक सुरक्षित असतो.

साधनांवर आधारित पद्धतींपैकी चीनमध्ये विकसित झालेल्या शांग रिंगमध्ये त्वचा दोन प्लॅस्टिकच्या कड्यांत पकडून कापतात, टाके घालत नाहीत आणि कडी सुमारे सात दिवसांनी काढतात. प्रेपेक्स या दुसऱ्या साधनाच्या पद्धतीत रबरी कड्याने रक्तपुरवठा तोडून त्वचा निर्जीव केली जाई. तिच्यासंबंधात धनुर्वाताची प्रकरणे आढळल्याने लसीकरणाची अट घालण्यात आली. भारतातील खासगी दवाखान्यांत अलीकडे गोलाकार स्टेपलरचा प्रसार झाला आहे. तो कापणे व शिवणे एकाच वेळी करतो, त्यामुळे काम काही मिनिटांत आटोपते. तथापि आत रक्त साकळण्याचा धोका उरतो आणि काही पिना हाताने काढाव्या लागतात. ‘लेझर’ म्हणून जाहिरात होणाऱ्या शस्त्रक्रियेतही जखम भरण्याचा काळ फारसा बदलत नाही, हे रुग्णांना स्पष्ट सांगितले पाहिजे.

शस्त्रक्रियेनंतर रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी जातो. पट्टी एक-दोन दिवसांनी काढतात, दुखणे पहिल्या दोन-तीन दिवसांत अधिक असते व पॅरासिटामॉलने आटोक्यात येते, आणि खालच्या बाजूची सूज दोन-तीन आठवडे राहू शकते. झोपेत येणाऱ्या ताठरतेने टाके ताणले जातात. झोपण्यापूर्वी लघवी करून घेतल्याने काहींना आराम पडतो. बैठे काम आठवड्याभरात करता येते. उसाच्या फडातील कष्टाचे काम, ओझी उचलणे, मोटारसायकल व सायकल मात्र त्यापुढेही काही काळ टाळणे इष्ट असते. खानापूरच्या पावसाळी पट्ट्यात ओले कपडे अंगावर न वाळवणे, जखम कोरडी ठेवणे आणि हळद, राख, शेण असे काहीही तिच्यावर न लावणे महत्त्वाचे आहे. टाके साधारण दोन-तीन आठवड्यांत गळतात. पण वरून भरलेली दिसणारी जखम आतून कच्ची असते, म्हणून संभोग व हस्तमैथुन सहा आठवडे वर्ज्य मानतात. मधुमेह्यांत हा अवधी वाढतो. दाबूनही न थांबणारा रक्तस्राव, झपाट्याने वाढणारी सूज, पू, ताप किंवा लघवी अडणे ही तातडीने दवाखाना गाठण्याची लक्षणे होत.

२००५ ते २००७ या काळात दक्षिण आफ्रिकेतील ऑरेंज फार्म, केन्यातील किसुमू व युगांडातील राकाई येथील चाचण्यांत सुंतेमुळे स्त्रीकडून पुरुषाला होणाऱ्या एचआयव्ही संसर्गाचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी घटल्याचे दिसले. त्यावर आधारलेली मोहीम पूर्व व दक्षिण आफ्रिकेतील देशांपुरती आहे आणि निरोधची गरज सुंतेनंतरही राहते.

सीमाभागात ही शस्त्रक्रिया जिल्हा रुग्णालयापासून खासगी मूत्रविकारतज्ज्ञांपर्यंत अनेक ठिकाणी होते. बेळगावातील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय १९६३ पासून कार्यरत आहे, तर निपाणीकडील रुग्णांना कोल्हापूर व मिरज जवळ पडतात. संमतिपत्राचा छापील नमुना कन्नड किंवा इंग्रजीत असल्यास त्यातील धोके व घ्यावयाची काळजी मराठी रुग्णाला त्याच्या भाषेत समजावून देणे, आणि काढलेली त्वचा संशयास्पद दिसल्यास सूक्ष्मदर्शी तपासणीस पाठवणे, ही दोन्ही शल्यचिकित्सकाचीच जबाबदारी आहे.