मशिनिमा

मशिनिमा : व्हिडिओ गेमच्या इंजिनात (गेम चालवणाऱ्या मूळ संगणकप्रणालीत), गेममधलीच पात्रे आणि जागा वापरून केलेला लघुपट. संगणकीय अॅनिमेशनपटात एकेका चौकटीसाठी यंत्रे तासन्‌तास राबतात. इथे इंजिन दृश्य जागच्या जागी रंगवते आणि खेळाडू कंट्रोलरवरून पात्रे नाचवतात. तंत्र संगणकाचे, पण जात कळसूत्री बाहुल्यांची.

‘मशीन’ आणि ‘सिनेमा’ जोडून अँथनी बेली यांनी १९९८ मध्ये हे नाव सुचवले. मशिनिमा करणारे ह्यू हॅनकॉक यांच्याकडून ते लिहिताना एक अक्षर चुकले आणि चुकलेलेच रूढ झाले.

पहिला मशिनिमा म्हणून ‘डायरी ऑफ अ कॅम्पर’ (ऑक्टोबर १९९६) ओळखला जातो. ‘क्वेक’ हा गेम खेळणाऱ्या ‘रेंजर्स’ टोळीने तो केला. लांबी जेमतेम दीड मिनिट. कॅम्पर म्हणजे एका जागी दबा धरून बसणारा, इतरांच्या शिव्या खाणारा खेळाडू. शेवटी त्याचे तुटलेले मुंडके निघते ते ‘क्वेक’चे एक कर्ते जॉन रोमेरो यांचे! ही फाइल व्हिडिओची नव्हतीच. तिच्यात फक्त पात्रांच्या हालचालींची नोंद होती, त्यामुळे पाहणाऱ्याच्या संगणकावर ‘क्वेक’ असणे भागच होते.

कलेला खरा आकार दिला तो इंजिनाच्या अडचणींनी. १ एप्रिल २००३ रोजी सुरू झालेली ‘रेड व्हर्सेस ब्लू’ ही अमेरिकी विनोदी मालिका ‘हेलो’ गेममध्ये चित्रित होई. सैनिकांचे चेहरे शिरस्त्राणाआड, त्यामुळे ओठ हलवण्याचा प्रश्न मिटला. बोलणारा कोण, हे डोके हलवून दाखवायचे. एका खेळाडूचा पडदा हाच कॅमेरा. पात्रांची शस्त्रे मात्र कायम रोखलेली, गप्पा मारतानाही! पण पिस्तूल घेतलेल्या पात्राने खाली पाहिले, की हात खाली जाई आणि मान सरळच राही. गेममधल्या या चुकीवर कित्येक प्रसंग निभावले. ‘हेलो २’मध्ये गेमच्या निर्मात्यांनी शस्त्र खाली घेण्याची सोयच दिली.

२००५ च्या शरद ऋतूत पॅरिसच्या उपनगरांत दंगली पेटल्या. पूर्वी एकही चित्रपट न केलेल्या अॅलेक्स चॅन यांनी त्यावर ‘द मूव्हीज’ या गेममध्ये सुमारे तेरा मिनिटांचा ‘द फ्रेंच डेमोक्रसी’ रचला. गेममध्ये पॅरिस नव्हते, म्हणून मेट्रोच्या जागी न्यू यॉर्कच्या धाटणीची भुयारी रेल्वे आली. संवाद अक्षरांत, तेही मोडक्या इंग्रजीत. तरी दंगलीत उतरलेल्यांची बाजू इतक्या ताजेपणी मांडणारा दुसरा मशिनिमा क्वचितच सापडेल.

बाहुल्या परक्या, म्हणजे पात्रांची मालकी गेम कंपन्यांची, ही या कलेची कायमची गोची. २००७ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि ब्लिझर्ड या कंपन्यांनी विनाव्यापारी वापराला अटी घालून मुभा दिली. व्हॉल्व्ह या गेम कंपनीने तर २०१२ मध्ये ‘सोर्स फिल्ममेकर’ हे चित्रपट करण्याचे साधनच खुले केले. त्यात पात्रे खेळत हलवावी लागत नाहीत, म्हणून काही जुने जाणकार त्याला मशिनिमा म्हणायला कचरतात. २०२३ पासून लहान मुलांना वेड लावणारी ‘स्किबिडी टॉयलेट’ मालिका त्याच साधनावरची; कमोडातून वर येणारे तिचे मुंडके व्हॉल्व्हच्याच ‘हाफ-लाइफ २’ या गेममधून उचललेले आहे.